गुणधर्मांची आगाऊ नोंद

केंद्र सरकारने जुलै २०१४ मध्ये नागरिकांच्या सूचनांसाठी सुरू केलेले ‘मायगव्ह’ हे संकेतस्थळ ज्या ड्रुपल प्रणालीवर उभे राहिले, ती पीएचपी या भाषेत लिहिलेली आहे. आणि दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथील कचेऱ्यांतून असा कोड वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या मंडळींना ८ डिसेंबर २०२२ रोजी प्रसिद्ध झालेल्या पीएचपी ८.२ या आवृत्तीने एका जुन्या सवलतीविषयी स्पष्ट ताकीद दिली.

ती सवलत अशी. ‘क्लास’ म्हणजे एका जातीच्या वस्तूंचा आराखडा. त्या वस्तूंपाशी कोणती माहिती राहील हे त्यात आधी जाहीर करावे, ही अपेक्षा. परंतु पीएचपी जाहीर न केलेला गुणधर्मही निमूटपणे निर्माण करीत असे. ‘अर्जदार’ या क्लासात ‘पिनकोड’ जाहीर आहे आणि एखाद्या ओळीत घाईने ‘पीनकोड’ लिहिले गेले, तर यंत्र हरकत घेत नसे. दीर्घ वेलांटीचा एक नवाच रकाना उघडून किंमत त्यात ठेवी, मूळ रकाना रिकामा राही, आणि अर्ज यथासांग रुजू झाल्याचा संदेश अर्जदाराला मिळे. चुकीचा पत्ता लागे तो पुष्कळ दिवसांनी, आणि तोही भलत्याच ठिकाणी.

आता अशा ओळीवर सूचना उमटते, आणि पुढील प्रमुख आवृत्तीत तिचे रूपांतर त्रुटीत करण्याचा निर्णय झालेला आहे. ‘एसटीडी-क्लास’ ही कोरी जात यातून मुक्त आहे. ड्रुपल ७ मधील लेखांच्या नोंदी याच जातीच्या असल्याने त्यांना ही ताकीद लागू होत नसे. इतर क्लासांना विशेष खूण लावून मुभा मागता येते. पण सूचना बंद पडाव्यात एवढ्यासाठी ती सरसकट लावणे मला अत्यंत गैर वाटते. सार्वजनिक कारभाराचा कोड लिहिणारा बदलून जातो, कंत्राट दुसऱ्याकडे जाते, आणि मागाहून येणाऱ्याला वस्तूची घडण समजण्यास जाहीर केलेल्या गुणधर्मांखेरीज बहुधा दुसरा दस्तऐवज नसतो. २०१९ च्या ७.४ आवृत्तीपासून तर गुणधर्माच्या नावाआधी तो संख्या आहे की मजकूर हेही लिहिता येते, आणि विसंगत किंमत तिथल्या तिथे नाकारली जाते.

म्हणून काम हाती घेताना चाचणीच्या सर्व्हरवर सूचनांची नोंदवही चालू ठेवावी, प्रत्येक सूचनेपाशी थांबून ती लेखनातील चूक आहे की राहून गेलेली घोषणा हे ठरवावे, आणि मगच क्लासाच्या आरंभी घोषणेची ओळ लिहावी.