महिधरपुऱ्याच्या आकड्याचे पैलू

सुरतेच्या महिधरपुऱ्यात हिऱ्यांचा बाजार भर रस्त्यात भरतो. दलाल कागदाची पुडी उलगडतो, घेणारा चिमट्याने खडा उचलतो आणि डोळ्याला भिंग लावतो. आपण भिंग लावू या बाजाराच्या पिनकोडाला : ३९५००३.

आकडा आला कुठून? पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. योजना मराठी माणसाची : टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर. सुरुवातीचा ३ गुजरात-राजस्थानकडचा, शेवटचे तीन अंक टपाल कार्यालयाचे. गणिताची गंमत कुणी मुद्दाम घातलेली नाही. ती आपसूक आली.

दोन अंकांत कारभार. ३९५००३ = ७ × ७३ × ७७३. तिन्ही मूळ संख्या, आणि तिघी लिहायला सात नि तीन एवढेच अंक पुरतात!

एक कमी. ७ × ७३ = ५११. दोनचा नववा घात ५१२, त्याला एक कमी. म्हणून संगणकाच्या द्विमान पद्धतीत ५११ म्हणजे ओळीने नऊ एक : १११११११११.

एक जास्त. तापीपलीकडच्या अडाजणचा ३९५००९ = २९ × ५३ × २५७. दोनचा आठवा घात २५६, त्याला एक जास्त २५७. ही फर्माची मूळ संख्या. म्हणूनच २५७ बाजूंची सुसम बहुभुजाकृती नुसत्या पट्टी-कंपासने काढता येते. रिशेलो या जर्मन गणितज्ञाने १८३२ साली तिची रीत दाखवली.

दहांत एक हर्षद. मुंबई-सुरत लोहमार्गावरच्या डहाणूत १९०५ साली जन्मलेले, देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. आपल्याच अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला निःशेष भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' म्हटलं. सुरतेच्या ३९५००१ ते ३९५०१० या दहा पिनकोडांत हर्षद एकच : पर्वत पाटिया भागाचा ३९५०१०. बेरीज १८, आणि १८ × २१९४५ = ३९५०१०. हिरेबाजाराची बेरीज २०; भाग जात नाही.

सातांचा फेरा. कापरेकरांची गाजलेली रीत १९४९ची. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. चार अंकी संख्या ६१७४ वर येऊन थांबते. फक्त चारही अंक सारखे नकोत. महिधरपुऱ्याचं काय होतं? ९५३३०० − ००३३५९ = ९४९९४१. मग ८५४४४२, ६०९९८४, ९५१७४१, ८६०८३२. इथून पुढे आकडा सात संख्यांच्या फेऱ्यात अडकतो : बाराव्या वजाबाकीला पुन्हा ८६०८३२ हजर!

आता तुमचा पिनकोड घ्या. सहाही अंक सारखे नसतील, तर वजाबाक्या करता करता तो ५४९९४५ वर थांबेल, नाहीतर ६३१७६४ वर, नाहीतर याच फेऱ्यात गोल गोल फिरेल. चौथी वाट नाही.