जुन्या घराची नाडीपरीक्षा

'घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून' अशी आपल्या वाडवडिलांची म्हण आहे. त्यांच्या काळीं मध्यम स्थितींतला गृहस्थदेखील चार पैसे गांठीं पडले म्हणजे स्वतः उभा राहून घर बांधून घेत असे. पायाचा दगड कोणता, चुना कसा मळला, सागवान कोठून आलें, हें सारें त्याच्या डोळ्यांसमोर होत असे. आतां शहरांत घर बांधण्याचा योग थोड्यांच्याच नशिबीं येतो. बहुतेकांस दुसऱ्यानें बांधलेलें, तिसऱ्यानें वापरलेलें आणि चौथ्यानें रंगवून दाखविलेलें घर विकत घ्यावें लागतें. तेव्हां त्या म्हणीचा पूर्वार्ध 'घर पहावें तपासून' असा वाचावयास हवा, असें आम्हांस वाटतें.

लग्नाच्या बाबतींत आपण अजून किती चौकस असतों पहा. मुलाचें शिक्षण, प्रकृति, घरचें वळण, आजोळची माहिती, ह्यांची दहा ठिकाणीं चौकशी केल्यावांचून कोणी पुढचें पाऊल टाकीत नाहीं. परंतु वडिलांस निवृत्तीच्या वेळीं मिळालेली पुंजी, दोघां भावांनीं काढलेलें कर्ज व प्रसंगीं घरांतील स्त्रियांचे दागिने एकत्र करून जें घर घ्यावयाचें, तें मात्र एका रविवारीं सकाळीं अर्धा तास फिरून पसंत केलें जातें. दिवाणखाना ऐसपैस आहे, शाळा जवळ आहे, देवघर पूर्वेस येतें, एवढ्यावर इसार दिला जातो. पुढें पहिल्याच पावसाळ्यांत माजघराची भिंत पाझरूं लागली म्हणजे 'तूंच घाई केलीस' आणि 'तुम्हांलाच तें आवडलें होतें' असा वाद सुरू होतो. भिंतीची भेग बुजवितां येते; भावाभावांत पडलेली भेग बुजण्यास पुष्कळ वर्षें लागतात.

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, घरांत दोष निघाल्यास कायदा विकणाऱ्यास जाब विचारील. ही समजूत अर्धीच खरी आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमान्वयें, विकणाऱ्यास ठाऊक असलेला व घेणाऱ्यास ठाऊक नसलेला महत्त्वाचा दोष उघड करणें हें विकणाऱ्याचें कर्तव्य आहे खरें. परंतु त्याच वाक्यांत एक मेख आहे. जो दोष घेणाऱ्यास सामान्य दक्षता घेतल्यानें समजून आला असता, तो सांगण्याचें बंधन विकणाऱ्यावर नाहीं. छताची गळती, भिंतीची भेग, वाळवीची मातीची रेघ हीं डोळ्यांस दिसण्यासारखीं असून आपण पाहिलीं नाहींत, तर मागाहून तक्रार करण्यास फारशी जागा राहत नाहीं. शिवाय हें कलम उभयतांत वेगळा करार नसेल तेव्हांच लागू पडतें. ह्यासाठीं दक्षता ही घेणाऱ्यानेंच, आणि तीही पैसे देण्यापूर्वीं दाखवावयाची असते.

इंग्लंडांत जुनें घर घेणारा मनुष्य सौदा पक्का होण्यापूर्वीं स्वतंत्र सर्व्हेअर बोलावतो. ह्या धंद्यांतील लोकांची संस्था लंडन येथें १८६८ सालींच स्थापन झाली. आज तिच्या नियमांप्रमाणें घराच्या पाहणीचे तीन दर्जे आहेत, व जुन्या अथवा पुष्कळ फेरफार झालेल्या घरास तिसऱ्या, म्हणजे सर्वांत कसोशीच्या दर्जाची पाहणी सांगितली जाते. आपल्याकडे सर्व्हेअर म्हटला कीं सांखळी घेऊन जमीन मोजणाराच डोळ्यांपुढें येतो. सर्व बाजू पाहणारा एकच मनुष्य सहसा मिळत नसल्यामुळें आपणांस तिघांचें साह्य घ्यावें लागतें: बांधकामासाठीं स्ट्रक्चरल इंजिनियर, सीमांसाठीं मोजणीदार आणि मालकीसाठीं वकील. बँकेनें पाठविलेला मूल्यमापक ह्यांपैकीं कोणाचीही जागा घेऊं शकत नाहीं. कर्जाच्या रकमेस घर पुरेसें तारण आहे कीं नाहीं, एवढेंच त्यास पहावयाचें असतें; तुमच्या तुळया कुजल्या आहेत काय, हें पाहण्यास त्यास कोणी नेमलेलें नसतें.

आतां ही तपासणी कशी होते तें पाहूं. पुण्याच्या कसबा, सदाशिव, नारायण, शनिवार ह्या पेठांतून अद्याप कांहीं वाडे उभे आहेत. त्यांची सामान्य रचना म्हणजे दगडी जोतें, त्यावर सागवानी खांब व तुळया, आणि मधल्या जागेंत विटामातीच्या भिंती. वरचा बराचसा भार लांकडी सांगाड्यावर असल्यामुळें जाणता इंजिनियर प्रथम लांकडाकडे वळतो. सागाच्या गाभ्यास वाळवी सहसा लागत नाहीं, परंतु बाहेरच्या फिक्या भागास लागते. शिवाय मागाहूनच्या दुरुस्तींत सागाच्या जागीं हलकें लांकूड बसविलेलें असण्याचा संभव असतो. हातोडीनें ठोकलें असतां भरींव लांकूड खणखणीत आवाज देतें व पोखरलेलें पोकळ वाजतें. मोठा धोका तुळईच्या टोंकांशीं असतो, कारण भिंतींत पुरलेलें टोंक ओल शोषून घेऊन दृष्टीआड कुजत राहतें. वरून ऑइलपेंटनें चकचकीत दिसणारी तुळई आंतून भुसा झालेली असूं शकते. म्हणून त्या टोंकाशेजारचा गिलावा थोडा काढून, टोंचणीनें अथवा बारीक भोंक पाडून पाहण्यास विकणाऱ्याची परवानगी घ्यावी. ती नाकारली गेली, तर त्या नकारांतूनही कांहीं समजावयाचें तें समजतें.

दुसरा शत्रु ओल. जुन्या जोत्यांत ओल अडविणारा थर बहुधा नसतो, त्यामुळें जमिनींतील पाणी केशाकर्षणानें भिंतींत चढतें. माती अथवा चुना ह्यांचा गिलावा ही ओल हळूहळू बाहेर सोडतो. सिमेंटचा घट्ट गिलावा ती आंत कोंडून ठेवतो, आणि मग ती आणखी वर चढून खांबांस व तुळयांस गांठते. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबानें एक वाडा जवळजवळ ठरविला होता. घर पाहून झाल्यावर आजीबाईंनीं सहज विचारलें, "सगळ्या भिंती जुन्या, मग ह्या एकीलाच कंबरेपर्यंत नवें अंगरखें कां घातलें?" त्या प्रश्नावरून इंजिनियरास बोलावणें गेलें. त्यानें ओल मोजण्याचें यंत्र लावून पाहिलें, तों भिंतीमागें शेजारच्या घराचें सांडपाणी मुरत असल्याचें उघडकीस आलें. भिंत दोघांची सामाईक होती व दुरुस्ती शेजाऱ्याच्या संमतीवांचून होण्यासारखी नव्हती. तो सौदा तेथेंच थांबला.

जमिनीच्या पोटांत काय आहे, हेंही विचारलें पाहिजे. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं कात्रजहून नळानें पुण्यांत पाणी आणलें गेलें व त्यावर ठिकठिकाणीं हौद भरूं लागले. शिवाय पुष्कळ वाड्यांच्या चौकांत आड असे. आड नीट न बुजवितां त्यावर खोली उठविली असेल, तर तिची फरशी खचते व भिंतीस तिरपी भेग जाते. नदीकांठच्या पेठांत आणखी एक प्रश्न टाळूं नये. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत व खडकवासला हीं धरणें फुटून मुठेचें पाणी शहरांत शिरलें, तेव्हां ह्या घरांत पाणी कोठपर्यंत चढलें होतें आणि भिजलेल्या विटामातीच्या भिंती पुढें बदलल्या कीं नुसत्या लिंपल्या, हें शेजारच्या वृद्धांकडून समजून घ्यावें.

सर्वांचीच दृष्टि वाड्याकडे असेल असें नाहीं. पुष्कळ कुटुंबें चाळीस-पन्नास वर्षांपूर्वींच्या सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींत फ्लॅट घेतात व 'आर्‌सीसी आहे, काळजी नाहीं' असें समजतात. वस्तुतः काँक्रीटासही वय असतें. काँक्रीटांतील क्षारगुण आंतल्या लोखंडी सळईचें गंजापासून रक्षण करतो. हवेंतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षें आंत शिरून हा गुण नाहींसा करतो. मग ओल लागतांच सळई गंजते, गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, आणि बाहेरचें काँक्रीट फुटून त्याचे पापुद्रे पडूं लागतात. हें पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. नुकत्याच फोडलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलिनचें द्रावण शिंपडलें असतां निरोगी भाग गुलाबी होतो, निकामी झालेला भाग तसाच राहतो. ह्याशिवाय रीबाउंड हॅमरच्या उसळीवरून पृष्ठभागाची कठीणता, ध्वनिलहरींच्या वेगावरून आंतील पोकळी, व विजेच्या दाबाच्या फरकावरून सळईच्या गंजण्याचा संभव अजमावितां येतो. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणें तीस वर्षें झालेल्या इमारतीची नोंदणीकृत इंजिनियराकडून तपासणी करून घ्यावयाची असते. मुंबईच्या स्वतंत्र अधिनियमांतही कलम ३५३-ब मध्यें अशीच तरतूद आहे. तेव्हां सोसायटीकडे त्या तपासणीचा अहवाल मागावा, आणि त्यांत सांगितलेली दुरुस्ती खरोखर झाली कीं नाहीं, हें गच्चीवर व तळमजल्यावर स्वतः जाऊन पहावें.

बांधकाम उत्तम निघालें तरी कागदांचें काम राहतेंच. नगर भूमापन कार्यालयांतून मिळकत पत्रिका काढावी व तींतील क्षेत्र प्रत्यक्ष मोजणीशीं जुळवून पहावें. पेठांतील घरें एकमेकांस इतकीं चिकटलेलीं असतात कीं, हातभर बोळाचीही मालकी वादाचा विषय होते. विकास आराखड्यांतील रस्तारुंदीची रेषा घरावरून जाते काय, घर वारसा-यादींत आहे काय, महानगरपालिकेनें तें धोकादायक ठरवून नोटीस दिली आहे काय, ह्या तिन्ही गोष्टी लेखी विचाराव्या. घरांत भाडेकरू असल्यास, मालक बदलला म्हणून ते निघून जात नाहींत. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाचें संरक्षण त्यांस नव्या मालकाविरुद्धही असतें. घर वडिलार्जित असेल तर विकणाऱ्या भावांच्या सह्यांवर समाधान मानूं नये. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलींस मुलांइतकाच हक्क मिळाला आहे, आणि त्या दिवशीं वडील हयात असणें जरूर नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला. सासरीं गेलेल्या बहिणींची संमति विचारली आहे ना, हें आपल्या वकिलाकडून पहावें. फ्लॅट असल्यास जमिनीचें अभिहस्तांतरण सोसायटीच्या नांवें झालें आहे काय, हा प्रश्न पहिला.

आतां चार व्यवहाराच्या गोष्टी. इंजिनियर आपण निवडावा. दलालानें अथवा विकणाऱ्यानें सुचविलेला नको. तपासणी इसार देण्यापूर्वीं व्हावी; तें शक्य नसेल, तर तपासणी समाधानकारक न निघाल्यास इसार परत मिळेल अशी अट लेखी घालावी. घर शक्य तर पावसाळ्यांत किंवा तो संपतां संपतां पहावें. फाल्गुनांत सगळींच घरें कोरडीं असतात. तपासणीच्या वेळीं कुटुंबांतील एका जाणत्या पुरुषाबरोबर एक स्त्रीही हजर असावी, कारण मोरीचा उतार, नळाची धार, चुलीजवळचा उजेड व कोंदट वास ह्या गोष्टी जिला दिवसभर घरांत वावरावयाचें असतें तिच्या आधीं ध्यानांत येतात. विजेच्या तारा व त्यांचें अर्थिंग तपासण्यास वायरमन वेगळा बोलवावा. अहवाल तोंडी घेऊं नये. प्रत्येक दोषापुढें तो तातडीचा आहे कीं थांबण्यासारखा, व दुरुस्तीस अदमासें काय खर्च येईल, हें लिहून मागावें. ह्या सर्वांची फी मुद्रांकशुल्कापोटीं भरावयाच्या रकमेचा सहसा एक लहानसा अंश असते.

अहवाल आला म्हणजे तो सर्व मंडळींनीं एकत्र बसून वाचावा. दोष निघाले म्हणून घर सोडलेंच पाहिजे असें नाहीं. निर्दोष जुनें घर विरळा. कौलें बदलणें, नळ नवे घालणें, एखादी तुळई बदलणें हीं कामें पैशानें होण्यासारखीं आहेत, व तेवढी रक्कम किंमतींतून कमी करून मागण्यास अहवालासारखा दुसरा आधार नाहीं. परंतु पाया खचत असेल, सांगाडा ठिकठिकाणीं निकामी झाला असेल, अथवा मालकीच संशयित असेल, तर कितीही स्वस्त मिळालें तरी तें घर महागच होय. अशा वेळीं 'नाहीं' म्हणण्याचें धैर्य घरांतील वडीलधाऱ्यांनीं दाखवावें, आणि धाकट्यांनीं त्याबद्दल मागाहून टोंचून बोलूं नये. आषाढांतल्या एखाद्या रात्रीं मुसळधार सर आली असतां ज्या छपराखालीं आपलीं मुलें व म्हातारीं माणसें निजणार, त्याची परीक्षा अगोदर करून ठेवणें हें कर्त्या माणसांचें पहिलें काम आहे.