परत गा

१९७५ साली टेनसीसी या इंग्लिश बँडचं 'आय ॲम नॉट इन लव्ह' हे गाणं आलं. एरिक स्ट्युअर्ट आणि ग्रॅहम गोल्डमन यांनी ते लिहिलं, स्ट्युअर्टने गायलं. ओठांवर प्रेमाचा नकार; कबुली देतात ते मागे दाटून येणारे आवाज. गळ्यातून निघणारा असा भराव प्रत्यक्ष तयार होताना बघायचा होता, म्हणून पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत जाऊन बसले.

एक मुलगी स्वतः लिहिलेलं, स्वतःच चाल लावलेलं प्रेमगीत रेकॉर्ड करत होती. गिटार आधीच झाली होती, मुख्य गाणंही पहिल्या तासात आटोपलं. मग आला ध्रुवपदामागचा 'आ'. सूर एकच, लांबवलेला.

"परत," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाले.

"सर, तोच तर सूर आहे. कॉपी करा ना."

"कॉपीने आवाज मोठा होईल, भरणार नाही. टेनसीसीच्या लोकांनी एकेका सुराला ४८ आवाज लावले होते."

"४८? गळा बसेल माझा!"

"तू आठ लाव. पण गाऊन लाव."

४८चा हिशेब असा. स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत बँडमधल्या तिघांनी प्रत्येक सूर सोळा-सोळा वेळा गायला. असे तेरा सूर, म्हणजे एकूण ६२४ आवाज. प्रत्येक सुराच्या टेपची टोकं जोडून ती सलग फिरत ठेवली आणि मिक्सरचे फेडर वरखाली करत त्यातून गाण्याचे कॉर्ड उभे केले. फेडर तळाला जाऊन आवाज पूर्ण बंद होऊ नये म्हणून खाली चिकटपट्टी लावली होती. म्हणून त्या गाण्यात सुरांची धूसर झाक कायम मागे राहते.

मुलगी पोटावर हात ठेवून, डोळे मिटून गात होती. एकदा सूर केसभर उतरला. तिने जीभ चावली. "राहू दे," रेकॉर्डिस्ट म्हणाले, "हाच हवाय." मग त्यांनी दोन्ही ऐकवलं. आधी एकाच आवाजाच्या आठ प्रती: नुसता मोठा झालेला एकटा गळा. मग तिने गाऊन लावलेले आठ. कुठे श्वास आधी सुटलेला, कुठे सूर किंचित वर, कुठे किंचित खाली. त्या बारीक तफावतींमुळेच आवाजाला रुंदी येते. तिने हेडफोन कानांवर घट्ट दाबले आणि पुन्हा कॉपीचं नाव काढलं नाही.

अशा गाण्यांना 'हलकंफुलकं' म्हणून बाजूला सारलं जातं. हा अन्याय आहे. ऐकताना सहज वाटावं यासाठीच एवढी मेहनत घ्यावी लागते. घरच्या संगणकावर गाणी करणाऱ्या तरुणांना म्हणूनच एवढं सांगावंसं वाटतं: ४८ जमणार नाहीत, चारच लावा, पण चारही वेळा गा.