स्टीलच्या भांड्यांची पारख: सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

दुकानाच्या मांडणीवर सगळं स्टील सारखंच लखलखतं. किमतीत मात्र दुपटी-तिपटीचा फरक असतो, आणि तो कशामुळे हे विक्रेता क्वचितच नीट सांगतो. मग गिऱ्हाईक ऐकीव कसोट्या लावतं: लोहचुंबक लावून बघा, हातात तोलून बघा, टिचकी मारून आवाज ऐका. यातल्या बहुतेक कसोट्या फसव्या आहेत. स्वयंपाकाच्या भांड्याचा कस मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: अन्नाला लागणारा धातू कोणत्या ग्रेडचा आहे आणि बूड कसं बनवलं आहे. एवढं पारखता आलं, तर कमी पैशांतही उत्तम भांडी घेता येतात.

गैरसमज १: लोहचुंबक चिकटलं, तर ते अस्सल स्टेनलेस स्टील नाही.

वस्तुस्थिती: पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असलं की ते स्टेनलेस ठरतं. हे क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर अतिशय पातळ थर धरतं आणि तोच थर गंज रोखतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा तयार होतो. ४३० ग्रेडमध्ये १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं, निकेल जवळपास नसतं, आणि लोहचुंबक त्याला घट्ट चिकटतं. तेही अस्सल स्टेनलेसच. इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्यांच्या बुडाला बाहेरून बहुधा हेच स्टील असतं. उलट २०१, २०२ किंवा जे४ या स्वस्त ग्रेडना लोहचुंबक चिकटत नाही. त्यांत महागड्या निकेलचा बराचसा वाटा काढून त्याजागी मँगनीज घातलेलं असतं. म्हणजे ही कसोटी नेमक्या हलक्या मालाला पास करते.

गैरसमज २: चकाकी चांगली म्हणजे स्टील चांगलं.

वस्तुस्थिती: चकाकी पॉलिशची असते, धातूची नव्हे. रोजच्या स्वयंपाकासाठी भरवशाचं स्टील म्हणजे ३०४, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. काही भांड्यांवर हेच ‘१८/८’ असं लिहिलेलं सापडतं. ३१६ त्याहून वरचं, त्यात मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला जास्त दाद देत नाही, पण घरच्या आमटी-भाजीसाठी ३०४ पुरेसं आहे. ‘फूड ग्रेड’ किंवा ‘सर्जिकल स्टील’ एवढ्या शब्दांवरून ग्रेड कळत नाही. आकडा विचारावा आणि तो बिलावर लिहून घ्यावा.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये आदेश काढून स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं केलं. त्यासाठीचं मानक आयएस १४७५६. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो तपासता येतो. मात्र चिन्ह आहे म्हणजे स्टील ३०४च असेल असं नाही, म्हणून ग्रेड वेगळा विचारायलाच हवा.

गैरसमज ३: भांडं जड म्हणजे उत्तम.

वस्तुस्थिती: स्टील मुळातच उष्णता पसरवण्यात कच्चं आहे. ॲल्युमिनियममधून उष्णता त्याच्या सुमारे पंधरापट सहज वाहते. पातळ स्टीलच्या कढईत शिरा भाजताना बर्नरच्या ज्वाळा जिथे लागतात तिथेच रवा गोलाकार करपतो आणि मधला नि कडेचा पांढराच राहतो. नुसतं स्टील जाड केलं तर वजन वाढतं, उष्णता मात्र हवी तशी पसरत नाही. उपाय म्हणजे ॲल्युमिनियमचा थर. ट्रायप्लाय भांड्यात आत ३०४, मध्ये ॲल्युमिनियम आणि बाहेर ४३० असे तीन थर बुडापासून काठापर्यंत जातात. सँडविच बुडाच्या भांड्यात ॲल्युमिनियमची चकती फक्त तळाशी बसवलेली असते आणि ते स्वस्त पडतं. ते घेताना उलटं करून बघा. चकती तळाच्या कडेपर्यंत पोचलेली हवी. ती लहान असेल, तर चकतीबाहेरच्या पातळ पत्र्यावर ज्वाळा येते आणि पदार्थ नेमका तिथे लागतो.

गैरसमज ४: स्टीलमध्ये पदार्थ चिकटणारच.

वस्तुस्थिती: बहुतेक वेळा दोष तापमानाचा असतो. रिकामी कढई मध्यम आचेवर तापवा आणि पाण्याचा थेंब टाका. तो चर्रकन आटला तर कढई अजून पुरती तापलेली नाही. थेंब मोत्यासारखा गोल होऊन पळू लागला की आच थोडी कमी करा, तेल घाला, मग कांदा किंवा बटाट्याच्या काचऱ्या टाका. लगेच उलथनं घालू नका. खालची बाजू खरपूस झाली की काचऱ्या आपोआप सुटतात.

गैरसमज ५: स्टेनलेसला गंज किंवा डाग पडूच शकत नाही.

वस्तुस्थिती: मीठ हा त्याचा शत्रू. थंड पाण्यात घातलेलं मीठ न विरघळता तळाशी बसतं आणि तिथे बारीक खड्डे पाडू शकतं. म्हणून पाणी उकळल्यावर मीठ घाला आणि ढवळा. लोणचं बरणीतच ठेवा. लोखंडी तारेच्या घासणीचे कण भांड्यावर राहिले, तर ते गंजतात आणि बदनामी स्टीलची होते. निळसर-जांभळी झाक मात्र निरुपद्रवी असते. जास्त तापल्याने वरचा थर जाड होतो, म्हणून ती दिसते. पांढरे ठिपके जड पाण्यातल्या क्षारांचे असतात. दोन्ही लिंबाने किंवा व्हिनेगरने निघतात.

गैरसमज ६: आंबट पदार्थ स्टीलमध्ये करू नयेत.

वस्तुस्थिती: चिंचेची आमटी, आमसुलाचं सार, टोमॅटोची भाजी ३०४ मध्ये खुशाल करा. आंबटामुळे निकेल आणि क्रोमियम अगदी थोड्या प्रमाणात उतरतं. नव्या भांड्यात ते जास्त असतं आणि पहिल्या काही वापरांनंतर कमी होत जातं. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून भांडी निवडावीत.

गैरसमज ७: चांगली भांडी हवीत तर महागडा सेटच घ्यावा.

वस्तुस्थिती: सेटमधली निम्मी भांडी फडताळात पडून राहतात. जिथे परतणं, भाजणं, आटवणं असतं, तिथेच बुडाला महत्त्व आहे. म्हणून एक ट्रायप्लाय कढई आणि दुधासाठी जाड सँडविच बुडाचं एक पातेलं, एवढ्यावरच जास्त पैसे घाला. भात-डाळ उकडायला एकेरी पत्र्याचं ३०४ चालतं, कारण पाणीच उष्णता सगळीकडे पोचवतं. पीठ, डाळी, पोहे भरायला स्वस्त ग्रेडचे डबेही पुरतात. साधी भांडी वजनावर घेताना गेज विचारा. आकडा लहान तितका पत्रा जाड, म्हणजे २० गेज २४ पेक्षा दणकट. कान आणि दांडे रिव्हेटने किंवा वेल्डिंगने पक्के बसलेत का, तेही हलवून बघा.

या क्रमाने घेतलं तर सेटच्या किमतीपेक्षा कमी पैशांत घर चालतं. ३०४ च्या कढईला कोटिंग नसतं, त्यामुळे ते उडण्याचा प्रश्न येत नाही. नीट सांभाळली तर ती वर्षानुवर्षं बदलावी लागत नाही. म्हणून दुकानदाराला ग्रेड आणि बुडाची रचना विचारायला संकोच करू नका. या दोन प्रश्नांचं सरळ उत्तर मिळत नसेल, तर दुसरं दुकान बघा.