एक मिलिमीटरचं छिद्र

जुन्या बुलेट ३५०चं इंजिन ३४६ सीसीचं. मिनिटाला ४,००० फेरे घेताना ते दर दोन फेऱ्यांत एकदा हवा आत घेतं, म्हणजे मिनिटाला २,००० वेळा. प्रत्येक वेळी सिलिंडर पूर्ण भरला तर जवळजवळ ७०० लिटर हवा होते. प्रत्यक्षात तेवढा भरत नाही, पण थ्रॉटल पूर्ण उघडा असेल तर साडेपाचशे लिटर धरायला हरकत नाही. एवढ्या हवेला पेट्रोल लागतं जेमतेम ७० मिलिलिटर. हे सगळं पेट्रोल बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशा एका पितळी तुकड्यातून, सुमारे एक मिलिमीटरच्या छिद्रातून जातं. हा मेन जेट. त्याला ना सेन्सर, ना वायर, ना बॅटरी. तरीही हवा वाढली की पेट्रोल वाढतं आणि हवा घटली की घटतं.

हे कसं होतं? हा जेट ज्या कार्ब्युरेटरमध्ये बसतो, त्याची नळी मध्ये अरुंद असते. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि तिथला दाब उतरतो. इटलीच्या व्हेंच्युरीने १७९७मध्ये वाहत्या पाण्याबद्दल हेच लिहून ठेवलं होतं. मोटरसायकल त्यानंतर ८८ वर्षांनी आली. खाली फ्लोटच्या वाटीत पेट्रोल असतं आणि त्या वाटीवर बाहेरच्या वातावरणाचा दाब असतो. वर दाब कमी, खाली जास्त, म्हणून पेट्रोल जेटमधून वर चढतं. इंजिन पेट्रोल ओढतं असं आपण म्हणतो. खरं तर ते वर ढकलतं आपल्या डोक्यावरचं आभाळ. मला या यंत्रातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

एअर फिल्टर बदलला की काय होतं, हे आता नीट उलगडतं. कंपनीच्या कागदी फिल्टरमधून येताना हवेला थोडा अडथळा होतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या नळीत आधीच थोडा दाब उतरलेला असतो आणि तेवढं पेट्रोल जास्त येतं. धुळीने फिल्टर चोंदला की हा उतार आणखी वाढतो, गाडी पेट्रोल जास्त खायला लागते आणि प्लग काळा पडतो. त्याच्या जागी तेल लावलेल्या सुती जाळीचा मोकळा फिल्टर बसवला की दोन गोष्टी एकदम घडतात: हवा जास्त येते आणि पेट्रोल वर ढकलणारा दाबाचा फरक कमी होतो. म्हणजे जास्त पेट्रोल हवं असतं, नेमकं तेव्हाच ते कमी मिळतं. नुसता फिल्टर बदलून पिकअप वाढल्याचं सांगणाऱ्यांना बहुधा आवाज वाढलेला जाणवलेला असतो.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. पण इंजिन सर्वांत जास्त ताकद देतं ते १२.५ ते १३ किलो हवेवर, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त असताना. ते जादा पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषतं आणि ज्वलनकक्ष थोडा थंड राहतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनला हा आधार मोठा आहे. पूर्ण रेस देऊन मिश्रण पातळ राहिलं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडलं, तर प्लग पांढरा पडतो, इंजिन तापतं, टकटक सुरू होते आणि शेवटी पिस्टनला भोकही पडू शकतं. म्हणून मोकळ्या फिल्टरबरोबर मोठा जेट हा शौकाचा नाही, हिशेबाचा भाग आहे.

हिशेबही चकित करणारा आहे. काही कंपन्यांच्या जेटवरचा नंबर छिद्राचा व्यास सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. काहींचा नंबर ठरतो मिनिटाला किती इंधन वाहतं त्यावर. पहिल्या पद्धतीत १०० नंबर काढून ११० बसवला, तर व्यास वाढतो एक दशांश मिलिमीटर. पण छिद्राचं क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं. म्हणूनच जेट साफ करताना त्यात तार घालणं हा गुन्हा आहे. पितळ मऊ, तार कडक; एकदा ओरखडा पडला की नंबर तोच राहतो, जेट मात्र दुसराच होतो. कॉम्प्रेसरची हवा आणि कार्ब्युरेटर क्लीनर पुरेसे असतात.

मेन जेटचा अंमल थ्रॉटल तीन-चतुर्थांशाच्या पुढे उघडला की चालतो. आयडलिंगला आणि हलक्या रेसला पायलट जेट, मधल्या पट्ट्यात थ्रॉटलच्या स्लाइडला लटकलेली निमुळती सुई. त्या सुईवर क्लिपसाठी खाचा असतात. क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर उचलली जाते, तिच्याभोवतीची फट वाढते आणि मिश्रण जाड होतं. शहरात चालणारी गाडी बहुतेक वेळ याच पट्ट्यात असते. तिथे अडखळणाऱ्या गाडीला मेन जेट बदलून फारसं काही होत नाही.

हवा बदलली तरी हेच गणित हलतं. पुण्याहून निघालेली कार्ब्युरेटरची गाडी साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला पोहोचते, तेव्हा तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे ३० टक्के विरळ असते. जेट तोच, म्हणून हवेच्या मानाने पेट्रोल जास्त आणि धूर काळा. तिथे लहान जेट लागतो. पेट्रोल बदललं तरी तेच. एका किलो इथेनॉलला फक्त ९ किलो हवा पुरते, म्हणून २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई२०ला सुमारे साडेतेरा. जुन्या जेटमधून तेवढंच ई२० गेलं, तर मिश्रण आठेक टक्के पातळ होतं. आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच जुन्या गाडीचं ट्यूनिंग नकळत बदलत असतं.

१ एप्रिल २०२०पासून बीएस-६ प्रदूषण मानक लागू झालं आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींत इंजेक्शनने कार्ब्युरेटरची जागा घेतली. तुमच्याकडे जुनी गाडी असेल, तर फिल्टर बदलाच, पण ताकदीची भलती आशा धरू नका. मेन जेट एका वेळी एकच नंबर वाढवा. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर पूर्ण रेसवर थोडं अंतर चालवून गाडी बंद करा आणि इंजिन निवल्यावर प्लग काढून बघा: पांढरा असेल तर जेट अजून लहान आहे, काळा काजळलेला असेल तर मोठा, चॉकलेटी असेल तर तिथेच थांबा. मग पीयूसी करून घ्या, आणि काढलेला जुना जेट टूलकिटमध्ये ठेवा.