माळवद, पत्रा आणि मार्गशीर्षातली पहाट

मराठवाड्याची ख्याती उन्हाची. त्यामुळे नांदेड-लातूरकडच्या थंडीची दखल परगावचा माणूस सहसा घेत नाही, आणि मार्गशीर्षात एखाद्या लग्नकार्यानिमित्त औशाला किंवा मुखेडला मुक्कामास आला म्हणजे पहाटे यजमानाकडे मुकाट्याने दुसरी वाकळ मागतो. बालाघाटच्या पठारावरील लातुरात काय किंवा गोदाकाठच्या नांदेडात काय, डिसेंबर-जानेवारीतल्या कडाक्याच्या रात्री पारा १० अंशांखाली उतरतो, आणि त्याच दिवशी दुपारी तो २८-२९ अंशांवर असतो. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता रात्री वरच्या वर उधळून टाकते. म्हणजे येथे वाण उष्णतेची नाही. दुपारची उष्णता पहाटेपर्यंत सांभाळायची कशी, एवढाच खरा प्रश्न आहे, आणि खेड्यात विजेची तार येण्याच्या कितीतरी आधी, निजामाच्या अमदानीत व तिच्याही पूर्वी, येथल्या गवंड्या-सुतारांनी त्याची तजवीज माळवदाच्या रूपाने करून ठेवली होती.

काळ्या दगडांच्या, चिखलात रचलेल्या दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचा फूट-दीड फूट थर, असे हे घर. उजेडासाठी छतात एखादे सानं. खिडक्यांचा बहुधा अभावच. इतक्या जाड माती-दगडातून उष्णता फार संथपणे सरकते. दुपारचे ऊन वरून माळवदाला लागले, तरी त्याची ऊब, पुष्कळ क्षीण होऊन का होईना, खालच्या कडीपाटापर्यंत पोचेतो रात्र बरीच चढलेली असते. परिणामी बाहेर पारा कितीही वर-खाली झाला तरी आतली हवा दिवस-रात्रीच्या सरासरीच्या, म्हणजे वीस अंशांच्या, आसपास रेंगाळते. यासाठी काडीचाही खर्च येत नाही, फक्त पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी पांढरी माती टाकून ती चोपावी लागते.

परंतु ह्याच घराने माणसे मारली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच निजले असताना, किल्लारीच्या परिसराला हादरा बसला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे आपल्याच माळवदाखाली गाडली गेली. भिंतीची आतली व बाहेरची अशा दोन बाजू वेगवेगळ्या रचून मधल्या पोकळीत दगड-चिखल भरण्याचा दस्तूर होता. दोन्ही बाजूंना जखडणारा आरपार दगड क्वचितच घातलेला असे. शिवाय दर वर्षी पडणाऱ्या मातीने छताचे ओझे वाढत गेलेले. भिंती फुटल्या आणि ते ओझे खाली आले. पुढे भूकंपपीडित भागातील ५२ गावांचे पुनर्वसन झाले. मात्र त्या पहिल्या हिवाळ्यात असंख्य कुटुंबे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. ज्यांची घरे उभी होती तेही माळवदाखाली निजायला धजेनात, आणि त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

पत्रा भूकंपात जीव घेत नाही, हे खरे. थंडीत मात्र तो माणसाची कसलीच भीड ठेवत नाही. सूर्य मावळताच तो निवतो आणि निरभ्र आकाशाकडे उष्णता फेकत कित्येकदा बाहेरच्या हवेहूनही गार होतो, इतका की निजलेल्यांच्या उच्छ्वासातली वाफ त्याच्या आतल्या अंगाला थिजून पहाटे अंथरुणावर थेंब-थेंब गळू लागते. ह्यावर उपाय साधा आहे: पत्र्याखाली हातभर अंतर सोडून जुन्या लुगड्यांचा किंवा बारदानाचा चांदवा ताणून बांधावा. मधली कोंडलेली हवा पत्र्याचा गारवा बरीचशी अडवते. थेंबही अंगावर येत नाहीत. मात्र चुलीवर असे कापड कदापि बांधू नये.

तरीही पत्र्याची खोली तापवण्याच्या नादी लागण्यापेक्षा माणूस उबदार ठेवणे अधिक शहाणपणाचे, असे मला वाटते. वाकळीचे सामर्थ्य ह्यातच आहे. जुन्या लुगडी-धोतरांचे पाच-सहा थर एकावर एक घालून कडेने सुरू केलेला धावदोरा चौकोना-चौकोनाने फिरवत मध्यापाशी आणतात. थरांमध्ये अडकलेली हवाच काय ती ऊब राखते. अंगावर दोन वाकळा आणि खाली नुसती फरशी, ही चूक मात्र सर्रास होते. दोनांपैकी एक खाली अंथरावी, तिच्याखाली घोंगडी किंवा कडबा असल्यास उत्तम. कान झाकावेत आणि रात्री बाजरीची भाकर खावी, हे आमच्याकडे कोणी सांगावे लागत नाही.

राहता राहिला विस्तव. तुराट्या आणि पऱ्हाट्या यांना ह्या जिल्ह्यांत तोटा नाही, आणि अंगणातली आगटी कोणालाही अपाय करत नाही. धोका आहे तो निखाऱ्यांची शेगडी आत घेऊन दारे लावून निजण्यात. धूर नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो, पण अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातली प्राणवायूची जागा बळकावत असल्यामुळे निजलेला माणूस जागाच होत नाही. शेगडी ओसरीवर शेकावी आणि तिथेच विझवावी.

एवढी तजवीज करूनही येथल्या शेतकऱ्याला पुष्कळदा वाकळ सोडावी लागते, ती विजेमुळेच. कृषिपंपांची वीज आळीपाळीने दिवसा किंवा रात्री मिळत असल्याने, हरभरा-गव्हाला पाणी देण्याची पाळी नेमकी ऐन थंडीत मध्यरात्री येते आणि गुडघाभर गारव्यात बारे धरावे लागते. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आहे. तिची तार ज्याच्या विहिरीपर्यंत पोचली, त्याला रात्रीच्या ह्या पाळीतून सुटका आहे, इतरांनी कानाला मफलर बांधून मोटारीचे बटण दाबायला निघायचे.