आठवीनंतर काय सुटतं?

शाळा पुरी व्हावी म्हणून : भाग 6

गेल्या भागात ऊसतोड मजुरांच्या धाकट्या मुलांसाठी चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांची माहिती घेतली. हा विषय निघाला की हायस्कूलच्या शिक्षकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : आमच्याकडं ही मुलं येतात तेव्हा त्यांचं शाळेवरून मनच उडालेलं असतं, त्यांचं काय करायचं? आजचा भाग त्या प्रश्नासाठी.

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या भागांतली कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला फडावर निघतात आणि गळीत हंगाम संपवून मार्च-एप्रिलात परततात. मूल आठवीपर्यंतचं असेल तर त्याला गावात ठेवायला थोडेफार आधार आहेत : हंगामी वसतिगृह, शाळेतली दुपारची खिचडी, फुकट पुस्तकं. 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याची हद्द 6 ते 14 वर्षं, म्हणजे आठवीपर्यंत. बहुतेक सोयी त्याच हद्दीला बांधलेल्या आहेत. जूनमध्ये मूल नववीत जातं आणि हे आधार एकदमच गळून पडतात. खिचडी बंद, पुस्तकं विकत, वसतिगृहाच्या यादीत नाव नाही. गावातली जिल्हा परिषदेची शाळाही बऱ्याच ठिकाणी सातवी-आठवीला संपते, म्हणजे हायस्कूलसाठी रोज दुसऱ्या गावी जाणं आलं. मे महिन्यात टिकून असलेलं मूल ऑगस्टात गळतं आणि आपण म्हणतो, त्याला गोडी नाही. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'चा 2023 चा अहवाल 14 ते 18 या वयोगटावर होता. ग्रामीण भारतातल्या 28 जिल्ह्यांत पाहणी झाली. चौदा वर्षांच्या मुलांत शाळेबाहेर होती 3.9 टक्के, अठरा वर्षांच्यांत 32.6 टक्के. या मधल्या चार वर्षांत काय होतं त्याचा एक धागा त्याच अहवालात सापडतो : या वयाच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही आपल्या भाषेत सरळ वाचता येत नव्हता. अशा मुलापुढं नववीचं बीजगणित ठेवलं की तो मागच्या बाकावर जातो, मग चाचणीच्या दिवशी घरी राहतो, मग बाजाराच्या दिवशी. शेवटी म्हणतो, "सर, मन लागत नाही." मन कशात लागावं? समोर चाललेलं त्याला कळतच नाही.

म्हणून अशा मुलांसाठी प्रेरणादायी व्याख्यानं ठेवण्याआधी वाचन आणि भागाकार हातात घ्यावेत. 'प्रथम' या संस्थेनं प्राथमिक वर्गांत रुजवलेली पद्धत इथंही उपयोगी पडते : इयत्ता बाजूला ठेवून, आज ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे गट करायचे आणि रोज तासभर तेवढंच करायचं. नववीतल्या मुलाला दुसरीचं पुस्तक दिलं तर तो लाजेनं पुन्हा येणार नाही, हे मात्र ध्यानात ठेवावं. त्याच्या हातात वर्तमानपत्र द्या, खताच्या पिशवीवरचा मजकूर द्या, घरच्या उचलीचा, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांचा, हिशेब मांडायला द्या. आईबापांनी टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून किती घेतले, टनामागं किती फिटले, किती उरले, हा हिशेब बरोबर मांडता आला की त्या मुलाकडं घर वेगळ्या नजरेनं पाहू लागतं, आणि शाळेकडंही.

या कामाला वेळ कोणता? जून ते दिवाळी. या साडेचार महिन्यांत सगळं कुटुंब गावात असतं. पालकांना भेटायचं तेही याच दिवसांत, आणि उचल घेण्याआधी. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात आणि उचल कोयत्यावर मिळते. घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे हात धरून पैसे घेतले गेले, ते लग्नात किंवा दवाखान्यात खर्च झाले, की मग ऑक्टोबरात शिक्षक दारात जाऊन काय बोलणार? मुलींच्या बाबतीत तर कोयत्याची जोडी जुळवण्यासाठीच लग्न उरकलं जातं. फडावर कोपीत तरण्या मुलीला एकटं कसं ठेवायचं, ही आईची भीती खरी असते. ती भीती हसण्यावारी नेणाऱ्या शिक्षकाचं कुणी ऐकत नाही. "पोरीला मागं कुणापाशी ठेवू?" या प्रश्नाला उत्तर घेऊनच त्या घरी जावं लागतं. आजी असेल तर ती, नसेल तर समाजकल्याणचं किंवा दुसरं एखादं वसतिगृह. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 2021 मध्ये संत भगवान बाबा वसतिगृह योजना मंजूर झाली. 41 तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी तिची आखणी आहे. आपल्या तालुक्यातलं वसतिगृह सुरू आहे का, त्यात जागा आहे का, याची चौकशी शाळेनं जुलैतच करून ठेवावी. मजूर बापाला कचेरीत खेपा घालायला लावू नयेत. ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत मिळतो, पण तो काढायलाही कुणीतरी हाताशी लागतं.

आठवीत होणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. पुस्तकं, प्रवास, वह्या यांचा बराचसा भार त्यातून निघतो. परीक्षा साधारण डिसेंबरात असते आणि डिसेंबरात ही मुलं सांगली-कोल्हापूरच्या फडावर असतात! मूल गावात थांबलं तरच ते परीक्षेला बसणार, आणि परीक्षेला बसलं तरच पुढं गावात थांबू शकणार. आठवीच्या वर्गशिक्षकानं अर्ज भरतानाच परीक्षेच्या दिवशी मूल कुठं असेल आणि त्याला कोण आणेल हे ठरवलं, तर ही गाठ सुटते.

आईबाप निघून गेल्यावरचे महिने सर्वांत अवघड. आजी स्वयंपाक करते, पण मूल शाळेत गेलं की शेळ्यांमागं, हे तिला कळत नाही. इथं एकच माणूस नेमलेला हवा. शिक्षक, अंगणवाडीताई, गावातला कॉलेजचा मुलगा, कुणीही चालेल. मूल लागोपाठ दोन दिवस दिसलं नाही तर तिसऱ्या दिवशी त्यानं घरी जावं आणि आठवड्यातून एकदा फडावर फोन करून आईशी बोलावं. तक्रारीसाठी नव्हे, तिनं आपल्या पोराबद्दल शाळेतून चांगलं काही ऐकावं म्हणून. हजेरीपटावर महिनाभर फुल्या पडल्यानंतर घेतलेल्या भेटीचा फारसा उपयोग होत नाही.

एवढं करूनही काही मुलं दहावीला गणित किंवा इंग्रजीत अडकतात. तिथं माहितीअभावी फार नुकसान होतं. 2015 पासून मंडळाची पुरवणी परीक्षा जुलैच्या सुमारास होते, वर्ष वाया जात नाही. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीत प्रवेशही मिळतो. ज्यांची शाळा आधीच सुटली आहे त्यांना 17 नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. हात कामाला बसलेल्या मुलांसाठी आयटीआयमध्ये वायरमन, वेल्डर यांसारखे आठवी उत्तीर्णांना घेणारे व्यवसाय आहेत. पण निकालानंतर नापास मुलगा शाळेची पायरी चढत नाही, आणि पुरवणीचा फॉर्म शाळेतूनच भरायचा असतो. मुदत थोडी असते. म्हणून निकालाच्या संध्याकाळी मुख्याध्यापकांनी पास झालेल्यांच्या पेढ्यांआधी नापासांची यादी काढावी, घरं वाटून घ्यावीत आणि फॉर्म घेऊनच त्या घरी जावं.

पुढच्या भागात : मुंबईतल्या रात्रशाळा, आणि दिवसभर काम करून शिकणारी मुलं.